फ्लड हब : कृष्णा-पंचगंगेच्या काठावरून पाहिलेला गूगलचा पूर-अंदाज

गूगलचे 'फ्लड हब' हे संकेतस्थळ नद्यांच्या पुराचा अंदाज सात दिवस आधीपर्यंत देते. ते पाहण्यासाठी कोणतेही शुल्क भरावे लागत नाही. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील नदीकाठच्या माणसाला याचे मोल वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही, कारण 2019 आणि 2021 या दोन्ही पुरांत पंचगंगेने कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांची रेषा ओलांडली होती आणि तेथे धोक्याची पातळी 43 फूट आहे. पावसाळ्यात ही सेवा मी नियमितपणे पाहतो आणि आमच्या भागातील प्रत्येक ग्रामपंचायतीने ती पाहावी असे माझे मत आहे. मात्र तिचा अंदाज कशाच्या आधारे येतो आणि कशाची माहिती तिला मुळीच नसते, हे समजून घेतल्याशिवाय तिच्यावर निर्णय सोपवू नये.

या कामाची सुरुवात भारतातच झाली. 2018 मध्ये केंद्रीय जल आयोगाच्या सहकार्याने पाटणा परिसरात पहिला प्रयोग झाला आणि पुढे व्याप्ती वाढत 2023 मध्ये ही सेवा 80 देशांपर्यंत पोहोचली. तिच्यामागील संशोधन मार्च 2024 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जगभरातील 5,680 मापन केंद्रांच्या जुन्या नोंदींवरून संगणकीय प्रतिमानाला (मॉडेलला) पाऊस आणि प्रवाह यांचे नाते शिकवण्यात आले आणि ज्या नद्यांवर मोजमापाची सोयच नाही तेथेही ते वापरता येते का, हे तपासण्यात आले. पाच दिवस आधीचा त्याचा अंदाज सरासरीने पाहता युरोपातील 'ग्लोफास' या पूर-अंदाज प्रणालीच्या ऐन त्या दिवशीच्या अंदाजाइतका विश्वासार्ह ठरला. या प्रतिमानाचा मला सर्वांत पटलेला गुण असा की ते मागच्या कित्येक महिन्यांच्या हवामानाची स्मृती बाळगून पुढचा प्रवाह काढते. जूनमध्ये तहानलेल्या जमिनीत मुरणारा पाऊस आणि जुलैअखेर गच्च भिजलेल्या रानावरून थेट ओढ्याला मिळणारा तेवढाच पाऊस, यांतला फरक आपल्या शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊक असतो; तो येथे आकडेमोडीत उतरला आहे.

प्रत्यक्ष वापर सोपा आहे. नकाशा मोठा करत नदीवर आले की ठिकठिकाणी खुणा दिसतात आणि त्यांच्या रंगावरून परिस्थिती साधारण आहे, इशाऱ्याची आहे की धोक्याची, हे कळते. खुणेवर बोट ठेवले की एक आलेख उघडतो, ज्यात मागील दिवसांचा प्रवाह आणि पुढील दिवसांचा अंदाज एकाच रेषेत पाहता येतो. काही ठिकाणी पाणी कोठवर पसरू शकेल याचा नकाशाही असतो. रेषा चढत आहे, सपाट झाली आहे की उतरणीला लागली आहे, एवढे समजण्यासाठी शिक्षणाची अट नाही.

अडचण सुरू होते ती आकड्यांपाशी. आपल्याकडे नदी फुटांत मोजली जाते आणि धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये (घनफूट प्रति सेकंद). राजाराम बंधाऱ्याला 39 फूट म्हणजे इशारा, सांगलीच्या आयर्विन पुलाला 40 फूट इशारा आणि 45 फूट धोका, हे शाळकरी मुलेही सांगतात. फ्लड हबवर मात्र अनेक ठिकाणी प्रवाह घनमीटर प्रति सेकंद या एककात असतो. एक घनमीटर प्रति सेकंद म्हणजे सुमारे 35.3 क्युसेक, राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की नदीत येणारे 1,428 क्युसेक पाणी या हिशेबाने जेमतेम 40 घनमीटर भरते. हे गणित मनात पक्के नसेल तर आलेखातील लहान आकडा पाहून वाचणारा निर्धास्त होईल, आणि ते घातक आहे.

त्याहूनही नीट समजून घ्यायला हवी ती धोक्याच्या रेषेची बाब. जेथे प्रत्यक्ष मापन केंद्र नसते, तेथे या रेषा प्रतिमानाने स्वतःच्याच आकडेमोडीतून ठरवलेल्या असतात : सरासरीने दोन वर्षांतून एकदा येणारा प्रवाह म्हणजे इशारा, पाच वर्षांतून एकदा येणारा म्हणजे धोका आणि वीस वर्षांतून एकदा येणारा म्हणजे अतिधोका. ही मांडणी संख्याशास्त्राच्या दृष्टीने योग्य आहे, पण पंचगंगाकाठच्या चिखली किंवा आंबेवाडीत कोणत्या गल्लीत पाणी आधी शिरते याच्याशी तिचा थेट संबंध नाही. आपल्या 39 आणि 43 फुटांच्या रेषांमागे गावोगावच्या पुरांचा अनुभव आहे. म्हणून खुणेचा रंग बदलला नाही तरी आलेखाची रेषा चढत असेल, तर सखल भागातील घरांनी रंगाची वाट पाहू नये.

आता या सेवेची खरी मर्यादा, जिच्याबद्दल आमच्या भागात सर्वांत जास्त बोलले गेले पाहिजे. प्रतिमानाला मिळते ते उपग्रहांनी टिपलेले पर्जन्यमान, हवामानाचा अंदाज आणि खोऱ्याची भौगोलिक वैशिष्ट्ये. कोयनेचे वक्र दरवाजे उद्या किती फुटांनी उचलले जाणार आहेत, हे त्यात कोठेच नाही. राधानगरीचे दरवाजे तर धरण भरले की आपोआप उघडतात आणि पंचगंगेला मिळणाऱ्या भोगावती नदीत पाणी सोडतात. 105 टीएमसीचे (अब्ज घनफुटांचे) कोयना धरण पाणी अडवून पूर थोपवूही शकते आणि भरल्यानंतर सोडलेल्या पाण्याने नदीची पातळी झपाट्याने वाढवूही शकते. केवळ पावसावरून काढलेल्या अंदाजाला यांतले कोणते घडणार हे कळू शकत नाही. शिवाय आमच्या शिरोळ तालुक्यात प्रश्न प्रवाहाच्या वेगाचा नसतो, फुगीचा असतो. नृसिंहवाडीच्या संगमावर कृष्णा दुथडी भरलेली असेल तर पंचगंगेचे पाणी पुढे सरकतच नाही, मागे मागे पसरत जाते आणि पाऊस उघडल्यावरही दिवसेंदिवस शिवारात उभे राहते. प्रवाहाचा आलेख उतरू लागलेला असतानाही पाणी उसात तसेच असू शकते. कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या पाण्याचा या फुगीत किती वाटा आहे यावर महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यात वाद आहे आणि तो या संकेतस्थळावरून सुटणार नाही.

एवढे असूनही मी या सेवेची शिफारस करतो, त्याचे कारण वेळ. पूर येण्याच्या आदल्या रात्री मिळालेली माहिती आणि चार दिवस आधी मिळालेली माहिती यांतला फरक नदीकाठी अगदी स्पष्ट दिसतो. पाणी पात्राबाहेर पडण्याच्या बेतात असले की शेतकऱ्यांची नदीवरच्या पाणी उपशाच्या मोटारी काढण्यासाठी एकच धावपळ उडते. चिखलातून, अंधारात, पाइप सोडवून, केबल गुंडाळून ती जड मोटार काठावर ओढायची असते आणि त्या घाईत माणसे जीव धोक्यात घालतात. जनावरांचेही तसेच. गोठ्यातल्या दहा म्हशी हलवायच्या तर दुसरीकडे जागा, वैरण आणि वाहन हे सगळे आधी ठरवावे लागते, आणि जनावरे हलली नाहीत तर घरातली थोरली माणसेही हलत नाहीत. ऑगस्ट 2019 मध्ये पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटून जे मृत्यू झाले, ते आठवले की पाणी चढण्याआधी कोरड्या रस्त्याने निघण्याची किंमत कळते. सात दिवसांपैकी पहिले तीन-चार दिवस हाताशी आले तरी या कामांना पुरेसे आहेत. ज्या लहान उपनद्यांवर आणि ओढ्यांवर कोणी पातळीची पट्टी वाचायला जात नाही, तेथे तर यासारखे दुसरे साधन सामान्य माणसापाशी आज नाही.

म्हणून माझा सल्ला असा आहे. चार ते सात दिवसांच्या तयारीसाठी फ्लड हब पाहावे. शेवटच्या दोन दिवसांत मात्र जलसंपदा विभागाचे विसर्गाचे आकडे आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाने दिलेली फुटांतील पातळी हाच आधार मानावा. प्रसिद्ध झालेले प्रतिमान दिवसाच्या सरासरी प्रवाहावर चालते. रात्री दोन वाजता पाणी किती चढले हे त्याच्याकडून अपेक्षितच नाही. दोन्ही माहिती एकत्र वाचण्याचे काम आज प्रत्येक माणसाला स्वतः करावे लागते आणि ते होण्याजोगे आहे, पण ते त्याच्यावर सोडून देणे योग्य नाही. धरणांतील साठा, नियोजित विसर्ग आणि बंधाऱ्यांवरील पातळी ही माहिती जलसंपदा विभागाने दर तासाला संगणकाला थेट वाचता येईल अशा स्वरूपात सर्वांसाठी खुली करावी, म्हणजे अशा प्रतिमानांना दरवाजेही दिसू लागतील आणि कोल्हापूर-सांगलीतील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी फूट, क्युसेक आणि गावांची नावे असलेला मराठी फलक त्यावर उभा करू शकतील. ही मागणी पुढच्या मे महिन्यातील मान्सूनपूर्व आढावा बैठकीत लोकप्रतिनिधींनी लावून धरावी.