मायकोप्लाझ्मावर सर्फॅक्टिन: सेल लाइन वाचवणाऱ्या द्रावणाचे परीक्षण

मायकोप्लाझ्मा या जिवाणूने दूषित झालेली सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशी) शुद्ध करण्यासाठी जी द्रावणे बाजारात मिळतात, त्यांपैकी सर्फॅक्टिनवर आधारलेले एक द्रावण आमच्या प्रयोगशाळेने मानवी पेशींच्या संवर्धनावर वापरले. या जिवाणूला पेशीभित्तिकाच नसते. त्यामुळे भित्तिकेची बांधणी रोखणारे पेनिसिलिन आणि तिच्यातील पेप्टिडोग्लायकन तोडणारे लायसोझाइम, दोन्ही त्याच्यापुढे निष्प्रभ ठरतात. शिवाय तो ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही निसटू शकतो आणि पेशी वाढवण्याचे पोषक माध्यम गढूळ न करता वाढत राहतो.

सर्फॅक्टिन बॅसिलस सबटिलिस या जिवाणूपासून मिळते. सात अमिनो आम्ले आणि एक मेदाम्ल यांचे ते वलयाकार लिपोपेप्टाइड आहे, आणि मधमाशीच्या विषातील मेलिटिनप्रमाणे तेही थेट पेशीपटलावर घाव घालते. पटलाला भेगा पडल्या की भित्तिकेचा आधार नसलेला मायकोप्लाझ्मा टिकू शकत नाही. प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमला किंवा डीएनएची पिळणी सांभाळणाऱ्या डीएनए गायरेज या विकराला लक्ष्य करणाऱ्या प्रतिजैविकांना जे प्रकार दाद देत नाहीत, त्यांच्याविरुद्धही हा मार्ग खुला राहतो, आणि माझ्या मते या द्रावणाचे खरे मोल त्यातच आहे.

मात्र आपल्या पेशींनाही पटलाखेरीज दुसरे कवच नसते. सर्फॅक्टिन तांबड्या रक्तपेशीही फोडते, म्हणून मात्रेत ढिलाई अजिबात चालत नाही. माध्यमातील सीरम (पेशींच्या पोषणासाठी घातलेला रक्तातील द्रव) त्याचा प्रभाव कमी करते, त्यामुळे उपचाराच्या काळात सीरमचे प्रमाण उतरवावे लागते आणि आधीच नाजूक झालेल्या पेशींवरचा ताण वाढतो. इतकी महत्त्वाची सूचना माहितीपत्रकात एका ओळीत उरकलेली आहे, हे मला गंभीर वाटते. आमच्या बऱ्याच पेशी मेल्या. उरलेल्या सावकाश सावरल्या आणि नंतरच्या पीसीआर (जिवाणूच्या डीएनएचा माग काढणाऱ्या) चाचण्यांत मायकोप्लाझ्मा आढळला नाही. तरीही एका चाचणीवर विसंबू नये. मायकोप्लाझ्मा फर्मेंटन्ससारखे काही प्रकार पेशीच्या आतही शिरतात, म्हणून प्रतिजैविकांविना काही पॅसेज (पेशी नव्या भांड्यात उतरवण्याच्या फेऱ्या) वाढवून पीसीआर आणि होएक्स्ट रंजन (डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगाची तपासणी) या दोन्ही तपासण्या पुन्हा कराव्यात.

पुन्हा मिळणे अशक्य असलेल्या, रुग्णाच्या ऊतीपासून तयार केलेल्या सेल लाइनसाठी हे द्रावण मी निःसंकोच सुचवेन. हेला या मानवी कर्करोगपेशींसारख्या सहज उपलब्ध पेशी दूषित झाल्या असतील, तर त्या ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून) टाकून द्याव्यात आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या पेशीसंग्रहातून नव्या मागवाव्यात.