लेप्टिनचा रिपोर्ट, कोकमाच्या कॅप्सूल आणि थर्माकोलमधलं पेन

कोकणपट्टीतल्या गावांत वजन उतरवण्याची ‘संशोधनावर आधारित’ पॅकेजं विकली जातात. मंगल कार्यालयात मोफत तपासणी शिबिर, लगेच हातात रिपोर्ट, मग तीन महिन्यांचा कोर्स आणि पैसे यूपीआयने. फसलेल्या एका काकींच्या घरचे कागद, डबे आणि उरलेल्या कॅप्सूल समोर ठेवून हे लिहीत आहोत. त्यांचं नाव-गाव देत नाही.

या फसवणुकीत विकणारा सगळंच खोटं बोलत नाही, आणि धोका तिथेच आहे. “काकी, यात तुमचा काहीच दोष नाही. तुमचं लेप्टिन काम करत नाही.” आयुष्यभर ‘जरा कमी जेव’ ऐकत आलेल्या बाईला असं कोणीतरी पहिल्यांदाच म्हणतं आणि तिचा विश्वास बसतो. वाक्याचा पहिला भाग बरोबरही आहे. लठ्ठपणात आनुवंशिकतेचा, मेंदूतल्या भूकेच्या केंद्रांचा आणि आतड्यांतल्या हार्मोनांचा मोठा वाटा असतो. लबाडी येते ती या विज्ञानापासून त्यांच्या डब्यापर्यंत मारलेल्या उडीत.

लेप्टिन 1994 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने शोधलं. ते चरबीच्या पेशींतून रक्तात येतं आणि शरीरात साठा किती आहे हे मेंदूला कळवतं. ज्यांच्या शरीरात ते जन्मतःच तयार होत नाही अशा अत्यंत दुर्मीळ मुलांना लेप्टिनची इंजेक्शनं दिली, तेव्हा त्यांची अनावर भूक शमली. पण बहुतेक स्थूल माणसांच्या रक्तात लेप्टिन आधीच भरपूर असतं. मेंदू त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही. बाहेरून आणखी दिल्याने फारसा फरक पडत नाही. शिवाय लेप्टिन हे प्रथिन आहे. तोंडाने घेतलं तर डाळीतल्या प्रथिनासारखंच पचून जातं. म्हणजे पॅकेजमधले ‘लेप्टिन चालू करणारे थेंब’ दोन्ही बाजूंनी निरुपयोगी. आणि काकींच्या रिपोर्टावर लेप्टिनचा आकडा छापलेला होता, पण रक्त काढलेलंच नव्हतं. यंत्रावर उभं राहून लेप्टिन मोजता येत नाही.

शिबिरातलं ते वजनकाट्यासारखं यंत्र तळपायांतून अगदी क्षीण विद्युतप्रवाह सोडतं, त्याला होणारा अडथळा मोजतं आणि उंची, वय, लिंग घालून सूत्राने चरबीचा अंदाज काढतं. पाहायचं असेल तर एकदा उभे राहा, अर्धा लिटर पाणी प्या आणि लगेच पुन्हा उभे राहा. वजन अर्धा किलोने वाढेल आणि पोटातलं ते पाणी बरीच यंत्रं चरबीत धरतात. उंची दोन-तीन सेंटीमीटर कमी टाकली तरी चरबीची टक्केवारी चढते. शिबिरात पहिलं माप जेवणानंतर, साडी-चपलांच्या गडबडीत घेतात. दुसरं माप आठवड्याने सकाळी, उपाशीपोटी. ‘शरीराचं वय 61’ ही ओळही त्याच सूत्रातून निघते. ते निदान नव्हे. भारतीयांसाठी उपयोगाचा आकडा घरच्या शिंप्याच्या टेपने मिळतो: कंबर पुरुषांत 90 आणि बायकांत 80 सेंटीमीटरच्या वर गेली की डॉक्टरांकडे जावं.

काही ठिकाणी लाळ घेऊन जनुक तपासणीही गळ्यात मारतात. एफटीओ या जनुकाचा लठ्ठपणाशी संबंध 2007 मध्ये खरोखर सापडला. पण त्याचा धोक्याचा प्रकार आई आणि वडील दोघांकडून आला, तरी सरासरी वजन सुमारे तीन किलोच जास्त असतं. त्यावरून कोणाला कोणती पावडर द्यावी हे ठरवता येत नाही.

आता पहिल्या आठवड्याबद्दल, कारण तिथेच लोक पुढचे पैसे भरतात. जेवणाऐवजी शेक घ्यायला लावून भात-भाकरी बंद करतात. यकृत आणि स्नायूंत साधारण 400 ते 500 ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी. तो साठा उतरला की दीड-दोन किलो कमी होतात, चरबीला फारसा हात न लागता. त्यात लघवी वाढवणारं औषध किंवा जुलाब करणारं सोनामुखीचं चूर्ण असेल तर आणखी घट दिसते. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 किलोकॅलरी. ‘आठवड्यात पाच किलो चरबी’ या दाव्याला 38,500 लागतील, रोज 5,500. घरात राबणाऱ्या बाईचा दिवसाचा सगळा खर्चच दोन हजारांच्या आसपास असतो. एक घास न खाताही हा हिशेब जुळत नाही.

कॅप्सूलवर कोकमाचं चित्र होतं, आणि आपल्याकडे कोकमावर कोण शंका घेणार? कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं हे खरं. साखरेपासून चरबी बनवणाऱ्या वाटेवरचं एक एन्झाइम ते अडवतं आणि उंदरांवर त्याचा परिणाम दिसला होता हेही खरं. मग माणसांवर चाचणी झाली. कोकमाच्याच कुळातल्या गार्सिनिया कॅम्बोजियापासून काढलेलं हे आम्ल रोज 1,500 मिलिग्रॅम, 12 आठवडे, 135 जणांना दोन गटांत विभागून. निकाल 1998 मध्ये प्रसिद्ध झाला: आम्ल घेणाऱ्यांचं वजन सरासरी 3.2 किलो उतरलं, औषध नसलेल्या नुसत्या नकली गोळ्या घेणाऱ्यांचं 4.1 किलो. उतरलं ते दोघांनाही दिलेल्या आहारामुळे. विकणारे उंदरांचा प्रयोग सांगतात आणि हा गाळतात. सोलकढी खुशाल प्या. पण या आम्लाच्या दाट अर्काच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

त्याहून गंभीर भाग कॅप्सूलच्या आत असू शकतो. काकींची भूक तिसऱ्या दिवशीच मेली. पुढे तोंड कोरडं, छातीत धडधड, रात्रभर जाग, रक्तदाब वर. त्यांच्या कॅप्सूलमध्ये काय होतं हे प्रयोगशाळाच सांगेल. पण अशा ‘हर्बल’ मालात सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध मिसळलेलं जगभर वारंवार सापडलं आहे आणि ही लक्षणं त्याच्याशी जुळतात. हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे दहा हजार लोकांवरच्या चाचणीत त्याने हृदयाचा झटका आणि पक्षाघातासारख्या घटना 16 टक्क्यांनी वाढल्या. 2010 मध्ये ते अमेरिका-युरोपच्या बाजारातून गेलं आणि 2011 मध्ये भारताने त्यावर बंदी घातली. वनस्पतीचं चूर्ण दोन-तीन दिवसांत भूक पार घालवत असेल तर ते थांबवा आणि रक्तदाब मोजून घ्या. मधुमेहाच्या गोळ्या मात्र विक्रेत्याच्या सांगण्यावरून कधीही बंद करू नका. काकींना त्या बंद करायलाच सांगितलं होतं.

वजन उतरणं थांबलं की पुढची पायरी म्हणजे पेन, म्हणजे पेनासारखं दिसणारं वजन उतरवण्याचं इंजेक्शन. इथे औषध खरं आहे. या पेनातल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या 2021 मधल्या मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी जवळपास 15 टक्के वजन उतरलं. ते ज्याची नक्कल करतं ते आतड्यातलं भूक कमी करणारं नैसर्गिक हार्मोन, जीएलपी-1, रक्तात दोन-तीन मिनिटंच टिकतं. औषधाची रचना अशी बदलली आहे की ते आठवडाभर टिकतं. म्हणूनच त्याची सुरुवात आठवड्याला 0.25 मिलिग्रॅमने करतात आणि चार आठवड्यांनी 0.5 वर जातात. एकदम मोठा डोस टोचला तर उलट्या कित्येक दिवस थांबत नाहीत.

व्हॉट्सअॅपवर मागवलेलं पेन मुंबईहून खासगी बसच्या डिकीतून, थर्माकोलच्या डब्यात मासळीच्या बर्फावर येतं. न उघडलेलं पेन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं. बर्फाला चिकटून एकदा गोठलं की टाकून द्यायचं, पुन्हा वितळलेलं वापरायचं नाही. आणि बाहेरून पाहून ते कळत नाही. 2023 मध्ये ऑस्ट्रियात नकली पेनांमुळे लोकांची साखर कोसळून त्यांना रुग्णालयात दाखल करावं लागलं; त्यात इन्सुलिन असल्याचा संशय होता.

याच औषधाच्या, घरी पाण्यात विरघळवून टोचायच्या पावडरीच्या कुप्या याहून वाईट. 5 मिलिग्रॅम पावडर 2 मिलिलिटर पाण्यात विरघळवली तर 0.25 मिलिग्रॅमसाठी 0.1 मिलिलिटर लागतं, म्हणजे 100 युनिटच्या सिरिंजवर 10 रेघा. आपल्याकडे लाल टोपणाची 40 युनिटची सिरिंजही सर्रास मिळते. तिच्या 10 रेघा म्हणजे 0.25 मिलिलिटर, डोस अडीचपट. ‘दहा युनिट घ्या’ एवढाच निरोप देणाऱ्याला हा फरक माहीत नसतो.

खरं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, परवानाधारक मेडिकलमधून, बॅच नंबर असलेल्या बिलासह घ्या. खोक्यावरचा आणि पेनवरचा बॅच नंबर एकच हवा, द्रव स्वच्छ हवा. कुटुंबात थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग असेल, स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल, तर आधी सांगा. औषध बंद केलं की वजन बरंचसं परत येतं हेही आधी कळायला हवं. उतरलेलं वजन परत मिळवायला शरीर भूक वाढवतं. ती तुमची हार नसते. विकणारे मात्र त्याला ‘तुम्ही नीट पाळलं नाही’ म्हणतात आणि दुसरं पॅकेज गळ्यात घालतात.

फसला असाल तर डबा रागाने फेकू नका. उरलेल्या कॅप्सूल मूळ डब्यात, लेबलासह ठेवा. यूपीआयची नोंद, चॅट, शिबिराचं पत्रक यांचे फोटो काढा. लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात 1954 च्या औषधी व जादुई उपचार कायद्याने निषिद्ध आहे, म्हणून ते पत्रकच तुमचा पुरावा. तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करा, टोल फ्री 1800222365. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या 1930 या क्रमांकावर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. धडधड, काविळीसारखे पिवळे डोळे, पोटातून पाठीकडे जाणारी तीव्र कळ यातलं काहीही असेल तर तक्रार नंतर. आधी रुग्णालय गाठा आणि तो डबा सोबत न्या.