आयसीयूचा बेड की घरची खाट?

रात्री दोनला धाप लागली की घरात चर्चा होत नाही, अॅम्ब्युलन्स येते. म्हणून हा हिशेब आधीच मांडून ठेवा. दुखणं बरं होण्यासारखं असेल, न्यूमोनिया किंवा मोडलेलं हाड, तर 85 व्या वर्षीही बेलाशक दाखल करा. वय झालं म्हणून उपचार नाकारायचा हक्क कोणालाच नाही. प्रश्न शेवटच्या टप्प्याचा आहे: पसरलेला कॅन्सर, थकलेलं हृदय, खूप पुढे गेलेला डिमेन्शिया.

आयसीयूत देखरेख चोवीस तास असते, ते खरंच. पण माझ्या वडिलांचा चष्मा, कवळी आणि कानाचं यंत्र दारातच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिलं गेलं. नळी ओढू नये म्हणून हात बँडेजने कठड्याला बांधले. संध्याकाळी पंधरा मिनिटं भेट. समोर कोण उभंय ते त्यांना दिसत नव्हतं, आणि फाइलवर लिहिलं होतं, 'रुग्ण प्रतिसाद देत नाही'.

पैशाचं गणितही आयसीयूकडेच ढकलतं. ऑक्टोबर 2024 पासून 70 आणि त्यापुढच्या वयाच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचं वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांचं कवच आहे. चांगलीच गोष्ट आहे. मात्र ते दाखल झाल्यावर. खाजगी विम्याचंही बहुतेक तेच. घरी येणारी मावशी, एअर बेड, डायपर, सगळं आपल्या खिशातून. म्हणजे महागडा आयसीयू फुकट वाटतो आणि स्वस्त घर महाग पडतं. हे धोरण आहे, आपला स्वभाव नव्हे.

घरी माणूस आपल्या आवाजांत असतो. पण तिसरा मजला, लिफ्ट नाही, दोन खोल्या. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. 'बाबांना घरीच ठेवू' म्हणणारा मुलगा सकाळची लोकल पकडतो, कूस बदलायला सून उरते. मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदनांवरचं औषध, नाक्यावरच्या केमिस्टकडे मिळत नाही. 2014 मध्ये अंमली पदार्थांचा कायदा सैल झाला, तरी ते मान्यता असलेल्या ठिकाणाहूनच आणावं लागतं. आणि मृत्यूचा दाखला देणारा, आधीपासून येऊन बघणारा फॅमिली डॉक्टर हवाच.

मॉर्फिन, डॉक्टर आणि मदतीला दुसरे हात, तिन्ही असतील तर मी घर निवडेन. यातलं एक जरी नसेल तर हॉस्पिटल, पण साधा वॉर्ड. 'आयसीयू नको' असं सांगता येतं, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या रुग्णांची शुश्रूषा करणारं मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन 1986 पासून आहे.

काहीही निवडा, ज्याचं शरीर त्याला आधी विचारा आणि कागद करा. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये जिवंतपणीचं इच्छापत्र (लिव्हिंग विल), म्हणजे पुढे बोलता आलं नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, मान्य केलं. 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतात. तरी उपचार थांबवण्याआधी डॉक्टरांची दोन मंडळं बसतात, म्हणून कागद लवकर करा.

आईला आम्ही सरळ विचारलं. ती म्हणाली, "नळ्या नकोत. पण गिळता येतंय तोवर चहा द्या." वकील म्हणाले, चहाचं कायद्यात बसत नाही. आईने पेन खाली ठेवलं. मग चहाचंही लिहिलं.