दगडाचं पातं, तांबं की कांस्य? चार हजार वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकासाठी

समजा, इ.स.पू. 1750चा सुमार आहे. कनवटीला थोडी चांदी आहे, घरात जवाची रास आहे आणि नवं हत्यार घ्यायचं मनात आहे. शेजाऱ्याने कांस्याची कुऱ्हाड आणली आहे आणि तो ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो आहे. शाळेच्या पुस्तकात अश्मयुगाचा धडा संपला की धातूचा धडा सुरू होतो, घरात मात्र तसं झालं नाही. तिन्ही वस्तू शेजारी शेजारी नांदत होत्या, त्यामुळे निवड करावीच लागायची.

आधी धार बघा. इथे दगड हरत नाही. गारेच्या जातीच्या दगडाचं ताजं पातं तांब्यापेक्षाच काय, कांस्यापेक्षाही तीक्ष्ण असतं. अशी लहान पाती लाकडाच्या खाचेत ओळीने बसवली की कोयता तयार. एखादं पातं मोडलं तर तेवढंच बदलायचं, खर्च जवळजवळ नाही. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. तिथली माणसं तांबं ओळखत होती, पण रोजची कापाकापी दगडी पात्यांनीच चालायची. सिंधू खोऱ्यातल्या शहरांतही रोहरीच्या दगडाची लांब पाती घरोघर होती. तेव्हा नुसती कापणीच करायची असेल तर चांदी कमरेलाच राहू द्या.

तांब्याची गंमत वेगळी. ते मऊ. धार वाकते, पण दगडावर ठोकली की सरळ होते आणि ठोकून जराशी कडकही होते. त्रास आहे तो ओतताना. शुद्ध तांबं 1085 अंशांना वितळतं आणि साच्यात ओतताना त्यात बुडबुडे धरतात. शंभरातले दहा भाग कथील घातलं की कांस्य होतं, आणि तो रस सुमारे 1000 अंशांना पातळ होतो आणि बंद साच्याच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचतो. दांडा घालायला भोक ठेवलेली कुऱ्हाड त्यामुळे एका ओतीत निघते. वर ती तांब्यापेक्षा कठीण, धार टिकवणारी.

सुतारकी करणाऱ्याने मात्र फार विचार करू नये. दगडाची कुऱ्हाड झाड पाडते, पण दगडाची चांगली करवत होत नाही. तांब्याच्या करवतीने इजिप्तमध्ये पिरॅमिडच्या काळातच मोठी कामं झाली, तरी तिचे दात लवकर बोथट होतात. कांस्याचे दात जास्त टिकतात, आणि नीट कापलेली फळी म्हणजे नीट बसणारा सांधा: दार, पेटी, गाडीचं चाक, होडी. सुई, गळ, वस्तरा यांतही धातूचीच सरशी. माझ्या मते कांस्याने रोजचं जगणं बदललं ते कारागिराच्या हातून. शेतकऱ्याच्या बांधावर तो बदल बराच उशिरा पोहोचला.

दुसरी जमेची बाजू मोडीची. फुटलेलं दगडी पातं उकिरड्यावर जातं. मोडकं कांस्य मुशीत घालून पुन्हा कुऱ्हाड होते, म्हणजे घरात पडलेली मोडही चांदीसारखीच पुंजी.

आता किंमत. तांबं बऱ्याच ठिकाणी सापडतं, कथील मोजक्याच. आजच्या इराकमधल्या अश्शूर शहराचे व्यापारी कथील गाढवांवर लादून सुमारे 1000 किलोमीटरवरच्या अनातोलियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) कानेश शहरात न्यायचे. एका गाढवावर साधारण 65 किलो माल, आणि तिथे पोहोचेपर्यंत भाव जवळपास दुप्पट. एका गावाची कुऱ्हाड परक्या मुलखातल्या वाटेवर अवलंबून राहण्याची ही सुरुवात. फसवणूकही आलीच. आजच्या दक्षिण इराकमधल्या उर शहरातल्या एआ-नासिर या व्यापाऱ्याने हलकं तांबं दाखवलं म्हणून नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने मातीच्या पाटीवर रागारागाने तक्रार लिहिली. ती पाटी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तेव्हा व्यापाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका, तुकडा ठोकून, घासून बघा.

दख्खनमध्ये राहत असाल तर हिशोब आणखी बदलतो. कथील इथे सहज मिळत नाही. प्रवरेकाठी दायमाबादला 1974 मध्ये रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी ओतीव शिल्पं सापडली. चारही मिळून 60 किलोंहून जास्त भरतात. त्यांत कथील अगदी कमी, आर्सेनिकचा अंश मात्र आहे. आर्सेनिकयुक्त तांबंही कठीण होतं, पण वितळवताना निघणारा धूर विषारी. ओतकाम स्वतः करणार असाल तर भट्टी उघड्यावर ठेवा आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला बसा.

शेतकऱ्याने दगडी कोयता ठेवावा आणि लाकडासाठी साधी तांब्याची कुऱ्हाड घ्यावी. सुताराने कांस्याची करवत घ्यावी, उसनवारी करावी लागली तरी. आणि घेतल्यावरही दगडी पात्यांची टोपली फेकू नका. गाढवांचा तांडा एखाद्या वर्षी आला नाही, तर कापणी त्याच्यासाठी थांबत नाही.