कोडाचे डाग: मलम की किरण?

चाई (केस गळून पडणारे चट्टे) आणि कोड (त्वचेवरचे पांढरे डाग) हे विकार वरवर निराळे दिसत असले, तरी दोन्हींत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटलेली असते. चाईत ती केसांच्या मुळांवर, तर कोडात त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनोसाइट पेशींवर हल्ला करते. मला दोन्ही झाले. दाढीतल्या चाईबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. दर पाच आठवड्यांनी चट्ट्यात स्टेरॉइडची इंजेक्शने घेतली आणि केस परत आले, आधी पांढरे, मग काळे. असा लहान चट्टा पुष्कळदा वर्षभरात आपणहून भरतो, त्यामुळे सगळे श्रेय इंजेक्शनांना देण्याचे धाडस मी करणार नाही.

खरी निवड करावी लागली ती चेहऱ्यावरच्या आणि मानेवरच्या पांढऱ्या डागांसाठी. स्टेरॉइडचे मलम पापण्यांजवळ फार काळ लावले, तर तिथली त्वचा पातळ होते. तेव्हा ते बाजूला पडले आणि टॅक्रोलिमसचे मलम (प्रतिकारशक्तीचा त्वचेवरचा हल्ला शमवणारे, पण स्टेरॉइड नसलेले) व नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांच्या एका अरुंद पट्ट्यातले किरण, असे दोन पर्याय उरले. मी आधी सात महिने किरण घेतले आणि नंतर मलमाकडे वळलो.

किरणांचे पारडे हलके नाही, हे आधीच मान्य करतो. डाग अंगभर पसरलेले असतील, तर एवढ्या त्वचेवर रोज मलम चोळणे व्यवहार्य नसते आणि तिथे 311 नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचे हे किरणच सोयीचे ठरतात. माझ्या मानेवर तिसऱ्या महिन्यात टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी ठिपके उमटले, तेही नेमके केसांच्या मुळांभोवती, कारण नव्या रंगपेशी मुख्यतः तिथल्याच साठ्यातून वर येतात.

मला जाच झाला तो हजेरीचा. यंत्रासमोर उभे राहायचे काही मिनिटे, पण आठवड्यातून तीनदा, लागोपाठच्या दोन दिवशी नाही, आणि त्यासाठी जाणे, थांबणे व परतणे यांत अर्धा दिवस मोडायचा. तेही सोसले असते; मात्र काही दिवसांचा खंड पडला, की त्वचा भाजू नये म्हणून किरणांची मात्रा कमी करावी लागते आणि मग ती पुन्हा पायरीपायरीने वाढवावी लागते. एकदा तापामुळे आणि दोनदा कामामुळे माझी अशी घसरण झाली. सापशिडीच्या पटावर बसल्यासारखे वाटे आणि तिसऱ्या सापानंतर मी तो पटच गुंडाळला. ज्यांचे केंद्र घराजवळ आहे किंवा ज्यांना घरी वापरायचे यंत्र परवडते, त्यांचा अनुभव कदाचित याहून बरा असेल.

मलम दिवसातून दोनदा लावायचे असते. पहिले आठ-दहा दिवस चांगलीच आग होते, पण ती पुढे शमते. सोबतच्या पत्रकातला कर्करोगाविषयीचा इशारा वाचून मी दचकलो होतो. कर्करोग मलमामुळेच होतो असे दीर्घकालीन पाहणीत सिद्ध झालेले नाही, हे त्वचारोगतज्ज्ञांनी समजावल्यावरच मी नळी उघडली. गालावरचा डाग भरायला पाच महिने लागले, म्हणजे वेगात मलम किरणांपुढे गेले असे मला म्हणता येणार नाही. मात्र एखाद्या रात्री लावायचे राहिले, तर दुसऱ्या दिवशी लावता येते आणि आधीची कमाई बुडत नाही. शिवाय बरे झालेले डाग उपचार थांबल्यावर, विशेषतः पहिल्या वर्षात, पुन्हा उमटू शकतात; त्यासाठी आठवड्यातून दोनदा हेच मलम लावणे मला जमते, किरणांचे वेळापत्रक पुन्हा धरणे जमले नसते.

अमेरिकेत 2022 मध्ये कोडासाठी रक्सोलिटिनिबच्या मलमाला आणि तीव्र चाईसाठी बॅरिसिटिनिबच्या गोळ्यांना मान्यता मिळाली. ही औषधे मी घेतलेली नाहीत, म्हणून त्यांना या तुलनेत ओढत नाही.

आपले डाग थोडे आणि चेहऱ्या-मानेपुरते असतील, तर डॉक्टरांना मलमाबद्दल आधी विचारावे, असे मला वाटते. ते झपाट्याने पसरत असतील, तर माझ्या सोयी-गैरसोयीचा हिशेब आपल्याला लागू पडणार नाही. बोटांची टोके आणि ओठ यांवर केस नसल्यामुळे दोन्ही उपचार तिथे सहसा कमी पडतात, आणि डागातले केसच पांढरे झाले असतील, तर तिथला रंगपेशींचा साठाही बहुधा संपलेला असतो. माझ्या कानशिलावर असा एक डाग आहे. त्याने किरणांनाही दाद दिली नाही आणि मलमालाही. तिथे मी आता काहीच लावत नाही.