कूलंट प्रेशर टेस्टर: काही महिन्यांच्या वापरानंतरचे मत, आणि एका रबरी रिंगविषयीची तक्रार

गाडीतील कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) दर काही आठवड्यांनी टाकीवरील किमान खुणेच्या खाली जात होते, जमिनीवर मात्र एक थेंबही दिसत नव्हता. गॅरेजमध्ये बोनेट उघडून वरवर पाहिल्यावर हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग आणि खालचा ठोकळा यांमधील सील) गेल्याचा निकाल देण्यात आला आणि कोणतीही चाचणी न करता थेट इंजिन उघडण्याचा खर्च सांगण्यात आला. निव्वळ अंदाजावर एवढे पैसे मोजण्याची माझी तयारी नव्हती, म्हणून त्याच्या अगदी थोड्या अंशात मिळणारा हातपंपाचा प्रेशर टेस्टर (कूलंटच्या मार्गात हवेचा दाब भरून गळती शोधण्याचे साधन) विकत घेतला.

त्याआधी हेड गॅस्केटची शंका फेडून घेतली. टाकीच्या तोंडाशी निळा द्रव असलेली नळी धरून वरची हवा त्यातून ओढण्याची एक चाचणी असते. सिलिंडरमधील जळालेला वायू कूलंटमध्ये शिरत असेल, तर त्यातील कार्बन डायऑक्साइडमुळे तो द्रव पिवळा पडतो. माझा द्रव निळाच राहिला. ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय नव्हती, एक्झॉस्टमधून पांढरा धूर नव्हता, आणि हीटर लावल्यावर काचेवर तेलकट धुके किंवा गोडसर वासही येत नव्हता. म्हणजे गळती बाहेरच्या बाजूला होती.

टेस्टर वापरण्याची रीत सोपी आहे: थंड इंजिनवर टाकीचे झाकण काढायचे, त्या जागी योग्य अडॅप्टर बसवायचा आणि झाकणावर छापलेल्या दाबाइतकाच, साधारणपणे 1 ते 1.4 बार, दाब भरायचा. गरम इंजिनचे झाकण उघडू नये हे सर्वांनाच माहीत असते. पण गरम इंजिन निवत असताना दाब आपोआप उतरतो आणि तो उतार गळती समजला जातो, हे माहितीपत्रकात कुठेही लिहिलेले नाही.

माझ्या गेजचा काटा पहिल्याच चाचणीत, इंजिन पूर्ण थंड असतानाही, सावकाश खाली सरकू लागला. होज, क्लॅम्प, रेडिएटरच्या प्लास्टिकच्या बाजू, वॉटर पंपाचे पाझर छिद्र (पंपाचा आतला सील गेल्यास जिथून कूलंट बाहेर येते), सगळे कोरडे होते. शेवटी टेस्टरच्या जोडणीवरच साबणाचे पाणी लावले, तेव्हा अडॅप्टर आणि होज जिथे खटकन बसतात, तिथे मोहरीएवढे बुडबुडे एका बाजूने येत राहिले. आतली रबरी रिंग एका कडेला चपटी झाली होती. गळती शोधण्याचे साधनच गळत असेल, तर गेजवर कितीही बारीक रेषा आखलेल्या असून काय उपयोग? विक्रेत्याचे उत्तर असे की रिंग सुटी मिळत नाही, पूर्ण अडॅप्टर संच घ्यावा लागेल. एका कवडीमोल रिंगसाठी! त्याच क्षणी या वस्तूला सर्वांत कमी गुण देण्याचे ठरवले होते.

पुढे हे मत बदलले. हार्डवेअरच्या दुकानात मापाने जुळणारी ईपीडीएम रबराची रिंग मिळाली (हे रबर कूलंटला टिकते, पण तेलाने फुगते, म्हणून तिला इंजिन ऑइल न लावता सिलिकॉन ग्रीस लावावे). त्यानंतर अडॅप्टरचे तोंड बंद करून नुसत्या टेस्टरमध्ये दाब भरला, तेव्हा काटा जागचा हलला नाही. मग पहाटे, रात्रभर निवलेल्या इंजिनवर दाब भरून तसाच ठेवला. थोड्या वेळाने थर्मोस्टॅटच्या (तापमानानुसार कूलंटचा प्रवाह सोडणारी झडप) प्लास्टिक हाउसिंगच्या सांध्याखाली, टॉर्च आणि लहान आरशाच्या साहाय्याने, एक थेंब जमताना दिसला. तो ओघळून गिअरबॉक्सच्या कवचावर पडत होता आणि तिथे पूर्वीच्या थेंबांची पांढरट-गुलाबी पुटे चढलेली होती. इंजिन तापल्यावर हाउसिंग प्रसरण पावून सांधा बंद होत असे आणि थंडीत आकुंचन पावल्यावर उघडत असे. जे थोडे झिरपे ते कवचाच्या उष्णतेने वाळून जाई, जमिनीपर्यंत पोहोचतच नसे. गाडी तापलेली असताना केलेल्या कोणत्याही तपासणीत हे सापडणे अशक्यच होते.

हाउसिंग आणि त्याचा सील बदलल्यापासून टाकीतील पातळी जैसे थे आहे. गळती बुजवणारी पावडर घालण्याचा स्वस्त सल्लाही मिळाला होता. तो टाळला हे बरे झाले, कारण तिने हीटरच्या बारीक नळ्या तुंबू शकतात.

पंप, गेज आणि पेटी यांविषयी तक्रार नाही. हे साधन घ्यावे असे मी सांगेन, मात्र गाडीला लावण्यापूर्वी ते नुसते भरून पाहावे. रिंगची तक्रार विक्रेत्याकडे अजून प्रलंबित आहे, आणि सुटी रिंग विक्रीस येईपर्यंत माझा एक तारा कापलेलाच राहील.