पीडीएफ, बीहान्स की स्वतःची वेबसाइट: डिझाइनच्या पहिल्या नोकरीसाठी पोर्टफोलिओ कुठे मांडायचा?

अप्लाइड आर्टच्या शेवटच्या वर्षाचे निकाल लागले की ओळखीतल्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. ‘ताई, पोर्टफोलिओ बीहान्सवर टाकू की वेबसाइटच करू?’ पोर्टफोलिओ म्हणजे आपल्या निवडक कामांचा संग्रह, आणि बीहान्स म्हणजे डिझायनर आपलं काम मांडतात ती वेबसाइट. पीडीएफचं नाव सहसा कुणी काढत नाही. मी पुण्यातल्या एका लहान स्टुडिओत आलेले अर्ज बघते, आणि माझं उत्तर पीडीएफपासूनच सुरू होतं.

अर्ज बघणारा माणूस बहुतेक वेळा दोन कामांच्या मधे, हातातल्या मोबाइलवर तो उघडतो. पीडीएफमध्ये पहिलं पान कोणतं, त्यानंतर काय दिसावं, शेवट कशावर व्हावा, हे सगळं तुम्ही ठरवता. शिवाय पानं मोजकी असल्यामुळे निवड करावीच लागते. तीन-चार प्रोजेक्ट, पंधरा-वीस आडवी पानं, बस्स. कॉलेजची सगळी असाइनमेंट भरलेली साठ पानं मी शेवटपर्यंत बघू शकत नाही, आणि अशा ढिगात चांगलं काम बुडून जातं याचं मला खरंच वाईट वाटतं.

फाइलचं वजन सांभाळा. जीमेलला २५ एमबीच्या वरची फाइल जोडता येत नाही, तिची गूगल ड्राइव्हची लिंक होते. मग परवानगी द्यायची राहिली तर समोरच्याला कामाऐवजी ‘अ‍ॅक्सेस मागा’ एवढंच दिसतं. दहा एमबीच्या आत बसवता येतं, फक्त चित्रं छपाईच्या नाही, स्क्रीनच्या मापाने एक्स्पोर्ट करा.

आणि मराठीत काम केलं असेल तर पीडीएफ मोठी करून अक्षर न् अक्षर वाचा. मागे एका अर्जात नाचणीच्या पिठाच्या पाकिटाचं फार सुंदर डिझाइन होतं. रंग नेमके, चित्र हाताने काढलेलं. पण ‘पौष्टिक’ या शब्दात ष पूर्ण, त्याच्या पायाशी हलन्त, आणि ट ची वेलांटी ट च्या मागे जाऊन बसलेली. मुलीने मराठी फॉन्ट चांगला निवडला होता, सेटिंग तेवढं चुकलं होतं. अडोबीच्या डिझाइन सॉफ्टवेअरपैकी इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ आणि इलस्ट्रेटरमध्ये ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन कंपोझर’ निवडला की जोडाक्षरं नीट येतात. फॉन्ट नसेल तर ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बलू गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत. देवनागरी नीट लावता येणारा फ्रेशर दिसला की मी त्याचं नाव बाजूला लिहून ठेवते, कारण अशी माणसं मिळत नाहीत.

आता बीहान्स. २००५ साली सुरू झालं, २०१२ च्या शेवटी अडोबीने विकत घेतलं. पैसे न भरता काम टाकता येतं, आणि इलस्ट्रेशन, पॅकेजिंग, लोगो, लेटरिंग यांना तिथली एकाखाली एक चित्रांची लांब उभी पट्टी शोभून दिसते. तुम्ही अर्ज न करताही कुणी शोधत तुमच्यापर्यंत पोचू शकतं, हे पीडीएफने कधीच होणार नाही. अडचण अशी की तुमचं काम संपलं की खाली लगेच दुसऱ्यांचं सुरू होतं. बघणारा तिकडे सरकला की परत येईलच असं नाही. लाइकच्या आकड्यासाठी मात्र जीव टाकू नका. मुलाखतीत मी तो कधी विचारलेला नाही. ड्रिबल या तशाच दुसऱ्या साइटचंही थोडक्यात सांगते: देखण्या एका स्क्रीनसाठी ठीक, पण त्या स्क्रीनमागचा विचार तिथे क्वचितच दिसतो.

यूएक्स किंवा प्रॉडक्ट डिझाइनची, म्हणजे अ‍ॅप किंवा वेबसाइट वापरणाऱ्याला सोपी कशी जाईल ते ठरवण्याची नोकरी हवी असेल तर वेबसाइटचं पारडं जड. तिथे केस स्टडी वाचावी लागते: अडचण काय होती, कुणाशी बोललात, कोणता प्रयत्न फसला. एका मुलीने एसटीच्या चौकशीवर काम केलं होतं. दोन दुपारी स्वारगेट स्टँडवर उभं राहून प्रवासी खिडकीपाशी काय विचारतात ते तिने वहीत टिपलं आणि त्या पानाचा फोटो सगळ्यात वर लावला. ‘गाडी लागली का?’ हा प्रश्न पानभर पुन्हा पुन्हा लिहिलेला. पुढचे वायरफ्रेम, म्हणजे स्क्रीनचे कच्चे आराखडे, साधेच होते, तरी तिला लगेच बोलावलं. गाजलेल्या अ‍ॅपचं मनाने केलेलं रीडिझाइन यापुढे फिकं पडतं.

वेबसाइट फार वेळ खाते, हा तिचा खरा दोष. पहिल्या पानाच्या अ‍ॅनिमेशनवर महिना घालवलेली आणि आत दोनच अर्धवट प्रोजेक्ट असलेली साइट मी कितीदा पाहिली आहे. फ्रेमर किंवा विक्स या साइट बनवून देणाऱ्या सेवांच्या मोफत प्लॅनवर साइट उभी राहते, पत्त्यात आणि पानावर त्यांचं नाव येतं इतकंच. पहिल्या नोकरीला ते चालतं. स्वतःच्या डोमेनला, म्हणजे स्वतःच्या नावाच्या पत्त्याला, दरवर्षी पैसे भरावे लागतात आणि ते साइटला जोडायला बहुधा वेगळा प्लॅन. अडोबीच्या सॉफ्टवेअरचं क्रिएटिव्ह क्लाउड हे सबस्क्रिप्शन असेल तर अडोबी पोर्टफोलिओ ही साइट बनवायची सोय त्यातच मिळते, बीहान्सवरचं कामही तिथे आणता येतं. पण सबस्क्रिप्शन थांबलं की साइटही बंद, हे लक्षात ठेवा.

मोशन ग्राफिक्सवाल्यांनी यात पडूच नये. निवडक कामाचे तुकडे जोडलेली मिनिटभराची शोरील आणि तिची लिंक पुरे.

म्हणजे ब्रँडिंग, पॅकेजिंग किंवा जाहिरात एजन्सीत जायचं असेल तर पीडीएफ आणि बीहान्स. यूएक्सकडे जायचं असेल तर छोटी पीडीएफ आणि साधी वेबसाइट, केस स्टडी दोनच असल्या तरी पूर्ण. महिनाभरात नोकरी हवी असेल तर बाकी सगळं सोडून या आठवड्यात पीडीएफ. कुठेही मांडा, पण गटात केलेल्या कामाखाली ‘यातलं मी काय केलं’ ही ओळ लिहा, आणि इंटर्नशिपमधलं काम दाखवण्याआधी तिथल्या माणसाला विचारा.

अर्ज पाठवण्याआधी फाइल आणि लिंक घरातल्या कुणाच्या तरी फोनवर पाठवून उघडायला सांगा, तुमच्या लॅपटॉपवर तर ती उघडणारच.